नोकरी सोडताना अडकलेला पगार

नोकरी सुटल्यावर मालकाकडून येणे असलेल्या रकमांचा जो शेवटचा हिशेब होतो, त्याला कंपन्यांमध्ये ‘फुल अँड फायनल’ म्हणतात. काम केलेल्या दिवसांचा पगार, शिल्लक रजेचे पैसे, ग्रॅच्युइटी आणि सगळ्या कपाती त्यात एकाच कागदावर येतात. कागद एक असला तरी प्रत्येक रकमेचे नियम वेगळे आणि मुदतही वेगळी. हे ठाऊक नसल्यामुळे ‘४५ दिवसांनी हिशेब होईल’ हे एचआरचे उत्तर लोक निमूटपणे मान्य करतात.

पगारासाठी एवढी सवड कायद्याने दिलेलीच नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेच्या कलम १७ नुसार राजीनामा असो, बडतर्फी असो की कारखाना बंद पडलेला असो, कमावलेले वेतन कामकाजाच्या दोन दिवसांत द्यावे लागते. १९३६ च्या जुन्या कायद्यात ही अट मालकाने काढून टाकलेल्या कामगारापुरती होती, आणि तो कायदा अखेरीस दरमहा २४,००० रुपयांपर्यंतच्या पगारालाच लागू होता. आता राजीनामा देणाराही त्यात आला आणि पगाराची मर्यादाही गेली. नोकरदाराच्या दृष्टीने हा मोठा बदल आहे.

खरी ओढाताण कपातींवरून होते. लॅपटॉप जमा केला नाही, नोटीस पीरियड अपुरा राहिला, ‘नो ड्यूज’वर एका विभागाची सही झाली नाही, अशा कारणांनी अख्खा पगार रोखला जातो. संहितेने मात्र कपातीची कारणे ठरवून दिली आहेत: गैरहजेरी, घेतलेली उचल, पीएफ, प्राप्तिकर, कामगाराच्या हलगर्जीपणामुळे झालेले नुकसान इत्यादी. नुकसानीचे पैसे कापण्याआधी त्याला बाजू मांडू द्यावी लागते. शिवाय सगळ्या कपाती मिळून त्या वेळच्या वेतनाच्या निम्म्याहून जास्त होता कामा नयेत. एक सही राहिली म्हणून महिन्याची पूर्ण कमाई अडवणे यात कुठेच बसत नाही. नोटिशीची मुदत बहुधा नियुक्तिपत्रात लिहिलेली असते. कंपनीनेच लवकर सोडायची तयारी दाखवली, तर ते ईमेलवर लेखी घेतलेले बरे.

रजेचे पैसे राज्याच्या कायद्यावर आणि कंपनीच्या नियमांवर ठरतात. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात रजा ४५ दिवसांपर्यंत साठवता येते.

ग्रॅच्युइटी सलग पाच वर्षांच्या नोकरीनंतर मिळते. ठरावीक मुदतीच्या करारावर असलेल्यांना आता एका वर्षानंतरही. शेवटच्या मासिक वेतनाला २६ ने भागायचे, १५ ने गुणायचे आणि नोकरीच्या वर्षांनी पुन्हा गुणायचे. वेतन २६,००० आणि नोकरी सात वर्षे आठ महिने असेल, तर सहा महिन्यांवरचा काळ पूर्ण वर्ष धरून आठ वर्षांचे १,२०,००० रुपये होतात. ही रक्कम ३० दिवसांत द्यायची, उशीर झाला तर व्याजासह. हिंसक वर्तन, नैतिक अधःपतनाचा गुन्हा किंवा मालमत्तेचे नुकसान यासाठी कामावरून काढले असेल तरच ती रोखता येते, आणि नुकसानीच्या बाबतीत तेवढ्याच रकमेपुरती. नोटीस न देता नोकरी सोडली हे ग्रॅच्युइटी बुडवण्याचे कारण होऊ शकत नाही.

पीएफ मालकाच्या हातात नसतोच. तो भविष्य निर्वाह निधी संघटनेकडे असतो. अडते ते बहुतेक वेळा नोकरी सोडल्याची तारीख नोंदवण्यापाशी. मालकाने ती भरली नाही, तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी सभासद स्वतः पोर्टलवर भरू शकतो.

पगार अडलाच तर आधी कंपनीला लेखी मागणी करावी आणि नंतर कामगार आयुक्त कार्यालयात तक्रार न्यावी. संहितेनुसार दावा तीन वर्षांच्या आत करता येतो, आणि कामगाराच्या वतीने युनियनही तो करू शकते. येणे दिले आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकाची असते. येणे बाकी ठरले तर त्याच्या दहापटीपर्यंत भरपाईचा आदेश निघू शकतो. तरीही पगाराच्या स्लिपा, नियुक्तिपत्र आणि राजीनामा स्वीकारल्याचा ईमेल यांच्या प्रती कंपनीचा मेल बंद होण्याआधीच स्वतःकडे काढून ठेवाव्यात.