अण्णांच्या नावाने कळसूबाई चढलो, आणि पैसे मागायला शिकलो



तुमच्यातले बरेच जण विचारतात, "सर, माल चांगला आहे, पण पैसे मागताना जीभ रेटत नाही. काय करू?" आज त्याचं उत्तर दुकानातलं नाही, डोंगरावरचं देतो.

माझे वडील, अण्णा, शेवटची दोन वर्षं डायलिसिसवर होते. आठवड्यातून तीनदा, दर वेळी साधारण चार तास. उपचार सरकारी योजनेत मोफत व्हायचे, पण जाण्यायेण्याचं भाडं ज्याचं त्याने बघायचं. शेजारच्या खाटेवरचे एक काका भाड्याला पैसे नसले की यायचेच नाहीत. त्या दिवशी अण्णा घरी येऊन एवढंच म्हणायचे, "आज तो आला नाही रे."

पहिल्या वर्षश्राद्धाच्या सुमारास ठरवलं, कळसूबाई चढायची आणि अशा पेशंटच्या भाड्यासाठी पैसे उभे करायचे. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, १,६४६ मीटर. पोस्टर केलं: 'अण्णांच्या स्मरणार्थ ट्रेक, सढळ हाताने मदत करा.' खाली माझाच क्यूआर कोड.

चार दिवसांत तीन जणांनी पैसे दिले. मग अण्णांच्या जुन्या मित्राचा फोन आला. "बाळा, पैसे तुझ्या खात्यावर का? आणि तुझं गाडीभाडं यातूनच जाणार का?"

खरं सांगतो, खूप राग आला. माझ्या बापाच्या नावावर मी पैसे खाईन? रात्रभर झोप नाही. पण सकाळी कळलं, प्रश्न बरोबर होता. उत्तर पोस्टरवर नव्हतं, हा दोष माझा.

आलेले पैसे परत केले आणि पोस्टर बदललं.

एक, क्यूआर कोड थेट ट्रस्टचा. पावतीही त्यांचीच. (लक्षात ठेवा, २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीवर ८०जी ची सवलत मिळत नाही. ऑनलाइन किंवा चेकनेच घ्यायला सांगा.)

दोन, 'ट्रेकचा सगळा खर्च माझा' ही ओळ मोठ्या अक्षरात.

तीन, 'सढळ हात' काढून हिशेब टाकला: एक फेरी १२० रुपये, महिन्याला १२ फेऱ्या, म्हणजे १,४४० रुपयांत एका पेशंटचा एक महिना.

मग एकेकाला फोन केला. "काका, एक महिना घ्याल का?" २७ जणांनी एकेक महिना घेतला. ३८,८८० रुपये, ३२४ फेऱ्या.

जानेवारीत बारी गावातून पहाटे निघालो. लोखंडी शिड्यांवर पाय थरथरत होते. वर देवळापाशी अण्णांचा फोटो काढून बसलो, तेव्हा मात्र रडलो. खाली आल्यावर २७ जणांना फोटोसोबत ट्रस्टचा जमाखर्चही पाठवला. पहिलं उत्तर आलं त्याच मित्राचं: "पुढच्या वर्षी माझे दोन महिने धर."

आता तुमच्या धंद्याकडे या. गिऱ्हाईक शंका घेतं तेव्हा ते तुमचा अपमान करत नसतं, तुम्ही न लिहिलेली ओळ विचारत असतं. लाज मागण्याची नसते, हिशेब तयार नसल्याची असते.

आजचं काम: वहीत तीन ओळी लिहा. पैसे कशाचे? नेमके किती? ते जाणार कुठे? मग फोन उचला.