गाडीचा सायरन आणि टेपच्या वायरी

गेल्या मोसमात तासगावच्या बाजूला एका द्राक्षबागायतदारांकडे छाटणी पाहायला गेलो होतो. बागेत नेण्याऐवजी त्यांनी मला आधी शेडमध्ये नेले. दोनच दिवसांपूर्वी रात्री त्यांच्या पिकअपमधला टेप आणि बॅटरी, दोन्ही वस्तू गेल्या होत्या.

"साहेब, सायरन बसवून घेतला होता हो. पण चोर आले नि गेले, त्याने साधे हूं की चूं केले नाही!"

डॅशबोर्डखाली लोंबणाऱ्या वायरी पाहिल्या आणि उलगडा झाला. बसवणाऱ्याने खर्च वाचवला होता. "वेगळा भोंगा कशाला? गाडीत चार स्पीकर आहेत, त्यातूनच आवाज काढू," असे म्हणून त्याने अलार्मची भोंग्याची वायर टेपच्या स्पीकरला जोडली होती. अलार्मचा वीजपुरवठाही टेपच्याच पिवळ्या वायरीतून घेतला होता. दार उघडताच स्पीकरमधून एकदा 'भद्' असा आवाज आला असेल, तेवढाच.

शेतकरी बंधू-भगिनींनो, ही चूक इतकी सर्रास होते की तिचे कारण समजून घेतले पाहिजे. अलार्मच्या भोंग्याच्या वायरीतून आवाज येत नाही, नुसते १२ व्होल्ट येतात. कर्कश आवाज तयार करणारे यंत्र भोंग्याच्या पोटात असते. तेच १२ व्होल्ट ४ ओहमच्या स्पीकरला दिले तर ३ अँपिअर, म्हणजे ३६ वॉट वीज त्याच्या बारीक कॉइलमध्ये सरळ उष्णता होऊन जाते. स्पीकर बोलत नाही, जळतो. आमच्या बागायतदारांचा एक स्पीकर उघडला तर कॉइल काळी ठिक्कर पडलेली.

टेपचेही हाल होतात. (गाडीतल्या त्या खोक्यात कॅसेट जाऊन किती वर्षे झाली, पण आपण त्याला टेपच म्हणतो.) अलीकडच्या बहुतेक टेपमध्ये स्पीकरच्या दोन्ही वायरींवर टेप चालू असताना सुमारे ६ व्होल्ट असतात. त्यातली कोणतीही वायर गाडीच्या पत्र्याला किंवा १२ व्होल्टला लागता कामा नये. लागली की आतली आयसी जाते.

बाजारातून आणलेल्या टेपच्या वायरींचे रंग सहसा ठरलेले असतात. पिवळी थेट बॅटरीची, लाल चावीची, काळी अर्थिंगची, निळी-पांढरी अँप्लिफायर चालू करणारी. पांढरी, राखाडी, हिरवी आणि जांभळी या स्पीकरच्या. काळी रेघ असलेली जोडवायर त्यांची ऋण बाजू. कंपनीतून गाडीबरोबर आलेल्या टेपचे रंग मात्र वेगळे असू शकतात. तिथे मीटर लावून खात्री केल्याशिवाय एकही वायर कापू नका.

मग अलार्मचा टेपशी काही संबंध ठेवायचाच नाही का? ठेवायचा, पण राखणीपुरता. बोनेटला किंवा दाराला असते तशी दांडीची छोटी कळ घ्यावी आणि टेपच्या मागे अशी बसवावी की टेप जागेवर असताना दांडी दाबलेली राहील. टेप ओढला की दांडी बाहेर येते, वायर पत्र्याला जोडली जाते आणि दार उघडल्यासारखा अलार्म वाजतो. ही वायर बोनेटच्या कळीच्या वायरीलाच जोडता येते. या कळीला बॅटरीतून काही लागत नाही. काही जण याच कामाला कायम ओढून धरलेला रिले लावतात, तो मात्र टाळा. रिलेची कॉइल साधारण १५० मिलिअँपिअर खाते, म्हणजे दिवसाला साडेतीन अँपिअर-अवर. आठवड्याभरात गाडी ढकलावी लागेल.

नुसत्या अलार्मचा हिशोबही मांडून ठेवा. अलार्म आणि टेपची स्मृती मिळून २५ मिलिअँपिअर धरले तर दिवसाला ०.६ आणि महिन्याला १८ अँपिअर-अवर जातात. ७० अँपिअर-अवरची बॅटरी पावसाळ्यात दोन महिने शेडमध्ये उभी राहिली, तर निम्मी रिकामी झालीच म्हणून समजा. आठवड्यातून एकदा गाडी अर्धा तास तरी फिरवून आणावी.

भोंगा वेगळाच घ्यावा, आणि तोही स्वतःची छोटी बॅटरी असलेला. मुख्य वायर कापली तरी तो ओरडत राहतो. तो बोनेटखाली, तोंड खाली करून, हात सहज पोचणार नाही अशा जागी बसवावा. अलार्मची वायर टेपच्या वायरीतून न घेता बॅटरीवरून स्वतंत्र आणावी आणि बॅटरीपासून वीतभर अंतरातच तिला फ्यूज घालावा. फ्यूजच्या अलीकडे वायर पत्र्याला घासली तर तिला आवरणारे काही नसते, आणि आपल्या शेडमध्ये डिझेल असते, कडबा असतो. पत्र्याच्या भोकातून वायर नेताना रबरी बूच घालायला विसरू नका. ट्रकमधून काढलेला टेप स्वस्तात मिळाला तर आधी व्होल्टेज पाहा. मोठ्या ट्रकला २४ व्होल्ट असतात, पिकअप आणि ट्रॅक्टरला १२.

काम सुरू करताना बॅटरीची ऋण वायर प्रथम काढावी. भोंग्याला स्वतःची बॅटरी असेल तर तो आधी त्याच्या चावीने बंद करा, नाहीतर सारी वस्ती जमा होईल. माझ्यावर हा प्रसंग आलेला आहे. काही टेप वीज तुटल्यावर परत सुरू होताना गुप्त अंक विचारतात, तोही आधी लिहून ठेवावा.

राहता राहिला हादऱ्याचा सेन्सर. तो फार हळवा ठेवला तर बैलाने अंग घासले, मांजराने बोनेटवर उडी मारली, वीज कडाडली, की वाजतो. चार रात्री उगाच वाजला की पाचव्या रात्री शेजारी कूस बदलून झोपतात. त्याचा स्क्रू फिरवत फिरवत असा लावा की मुठीने काच ठोकल्यावर वाजेल, पण बोटांनी टिचकी मारल्यावर वाजणार नाही.

बागायतदारांकडे आता याच पद्धतीने काम झाले आहे. परवा गेलो तेव्हा त्यांच्या सूनबाईंनी माझ्यासमोर टेप दोन बोटे बाहेर ओढून दाखवला. भोंगा असा ओरडला की गोठ्यातली म्हैस दावे तोडून बाहेर आली.