रक्त तपासावं, पण कशासाठी?

सातपुड्याच्या पायथ्याशी

सातपुड्याच्या कुशीतल्या भिल्ल-पावरा वस्त्यांमध्ये सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं नाव आता नवं राहिलेलं नाही. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं. चाळिशीपर्यंतच्या सुमारे ७ कोटी लोकांची तपासणी, हे त्याचं उद्दिष्ट.

वाहक म्हणजे आजारी नव्हे

सिकलसेलचा दोष आई किंवा वडील यांपैकी एकाकडूनच आला, तर माणूस वाहक. तो शेतात राबतो, मजेत जगतो. सहसा त्याला पत्ताही नसतो. दोघांकडून आला, तर पीडित. दोन वाहकांचं लग्न झालं, की प्रत्येक गरोदरपणात बाळ पीडित असण्याची शक्यता २५ टक्के. ‘पहिलं आजारी निघालं, आता पुढची तीन चांगली’ हा हिशेब चुकीचा आहे. दर खेपेला शक्यता तेवढीच.

सोयरिकीची भीती

लोक तपासणी टाळतात ते सुईच्या भीतीने नव्हे, सोयरीक मोडेल म्हणून. ती भीती खोटी नाही. पण वाहकाने लग्नच करू नये, असं कोणताही शहाणा डॉक्टर सांगत नाही. दोघेही वाहक आहेत का, एवढंच लग्नाआधी कळायला हवं. तेव्हा कळलं नाही, तरी गरोदरपणाच्या अकराव्या आठवड्याच्या आसपास गर्भाची तपासणी करता येते. आणि तपासणीचं कार्ड मागायचंच, तर मुलाकडूनही मागा. एकट्या मुलीच्याच रक्ताची चौकशी कशाला?

पीडित बाळ लवकर सापडलं, तर लस, हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळ्या, भरपूर पाणी यांनी त्याचे हाल कमी होतात.

हंटिंग्टनचा पेच

हंटिंग्टन हा मेंदूचा आनुवंशिक आजार मात्र वेगळा. आई-वडिलांपैकी एकाला असला, तर अपत्याला ५० टक्के धोका. लक्षणं बहुधा तिशी-चाळिशीत. जनुक १९९३ मध्ये सापडलं, तपासणी आहे, पण आजार थांबवणारं औषध नाही. त्या शोधासाठी व्हेनेझुएलात वर्षानुवर्षं खपलेल्या संशोधक नॅन्सी वेक्सलर यांची आई याच आजाराने गेली होती. स्वतःलाही तो आहे, हे त्यांनी २०२० मध्ये जाहीर केलं. धोका असलेले बहुतेक लोक ही तपासणी करून घेत नाहीत. त्यांना भित्रे म्हणणं मला पटत नाही.

रक्त देण्याआधी

हंटिंग्टनसारख्या आजारात आधी समुपदेशकाकडे बसावं. धडधाकट लहान मुलांची ही तपासणी करू नये. मोठं झाल्यावर त्यांचं ती ठरवतील. आणि घरात बोलावं, कारण निकाल तुमचा असला, तरी भावंडांच्या धोक्याचा अंदाजही त्यातून लागतो. कदाचित त्यांना तो नको असेल.