कादंबरी अडली? आधी तिची घडी घालून बघा

(हे भागाचं लिखित रूप. बोललो तसंच ठेवलंय, मधले "अं" आणि "म्हणजे काय की" तेवढे गाळलेत.)

एसटीत असाल, शेतावर असाल, नाहीतर सगळे झोपल्यावर पांघरुणात मोबाईल घेऊन लिहीत बसला असाल, आजचा भाग तुमच्यासाठी आहे. एक प्रश्न फिरून फिरून येतोय: "कादंबरी सुरू केली, पन्नास-साठ पानं झाली, आता पुढे सरकतच नाही. काय करू?"

उत्तर देण्याआधी माझंच रडगाणं ऐका. मी अंबड तालुक्यातला. घरी मोसंबीची बाग होती. होती, म्हणजे २०१३ पर्यंत. त्या बागेवर कादंबरी लिहायची हे डोक्यात पक्कं होतं. चार वर्षं लिहीत होतो, सगळं मोबाईलच्या नोट्समध्ये. शंभरावर नोट्स झाल्या. एकीचं नाव "सुरुवात", दुसरीचं "नवी सुरुवात", तिसरीचं "सुरुवात फायनल". (हसतो) शब्द मोजले तर चाळीस हजारांच्या वर. आणि कादंबरी? ती कुठेच नव्हती. नुसते प्रसंग होते, पोत्यातून सांडलेल्या मोसंब्यांसारखे चहूकडे पसरलेले.

मग एका मित्रानं सांगितलं, "लिहू नको आता. आधी आउटलायनरमध्ये टाक."

आउटलायनर म्हणजे काय?

सोपं आहे. यादीच्या आत यादी. आपला जालना जिल्हा घ्या. जिल्ह्याखाली आठ तालुके: जालना, बदनापूर, भोकरदन, जाफ्राबाद, परतूर, मंठा, अंबड, घनसावंगी. प्रत्येक तालुक्याखाली गावं. गावाखाली गट नंबर. अंबडवर बोट ठेवलं की खालची सगळी गावं उघडतात, परत बोट ठेवलं की मिटतात. आउटलायनर हेच करतो, फक्त गावांऐवजी तुमचे प्रसंग असतात.

त्याला तीन कामं येतात. एक, ओळ आत सरकवणं, म्हणजे हा प्रसंग त्या भागाच्या पोटात. दोन, घडी घालणं, म्हणजे पोटातलं लपवून फक्त वरची नावं बघणं. तीन, उचलून हलवणं: एक ओळ उचलली की तिच्या पोटातलं सगळं तिच्यासोबत जातं. कागदावर यादी करता येते, पण सोळावं प्रकरण उचलून तिसऱ्या जागी ठेवता येत नाही. फरक तेवढाच, पण मोठा आहे.

ही कल्पना नवी नाही. ९ डिसेंबर १९६८ ला डग्लस एंगेलबार्ट या अमेरिकन इंजिनिअरनं सॅन फ्रान्सिस्कोत संगणकाचं एक प्रात्यक्षिक दाखवलं. माउस जगाला दिसला तो याच कार्यक्रमात. आणि त्यानं पडद्यावर काय केलं? बाजाराची यादी! वस्तूंचे गट पाडले, गट मिटवले, उघडले. पुढे १९८३ मध्ये डेव्ह वायनर यांचं थिंकटँक आलं, घरच्या संगणकावर चालणारा आउटलायनर. आज तेच तुमच्या खिशात आहे.

पण आपल्या मातीत हे आधीच होतं

घनसावंगी तालुक्यातलं जांब समर्थ हे समर्थ रामदासांचं जन्मगाव, हे आपल्याकडे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. त्यांच्या दासबोधाकडे आज जरा लेखकाच्या नजरेनं बघूया. २० दशक, प्रत्येक दशकात १० समास, एकूण २०० समास. दशकाला विषय, समासाला उपविषय. मूर्खलक्षणांचा दशक उघडा, तर त्यात दहावा समास पढतमूर्खाचा. म्हणजे सगळी घडी घातली तरी २० नावं वाचून ग्रंथ कुठून कुठे जातो ते कळतं.

आणि पहिलाच समास बघा, ग्रंथारंभाचा. श्रोते विचारतात की हा ग्रंथ कोणता, यात आहे काय, ऐकून मिळतं काय. लगेच उत्तर येतं. आत काय काय आहे याची यादीच! मला तर तो चक्क एपिसोडचा इंट्रो वाटतो.

दासबोध कादंबरी नाही, मान्य. त्यात प्लॉट नाही. पण मोठं लिखाण ऐकणाऱ्याच्या हाती कसं द्यायचं, त्याला खुंट्या कशा ठोकायच्या, हे जांबच्या माणसानं साडेतीनशे वर्षांपूर्वी दाखवलंय. तेव्हा "आराखडा ही बाहेरची फॅशन आहे, खरा लेखक आतून लिहितो" असं कुणी म्हणालं तर त्याला एवढं सांगा.

चला, करून बघू

माझ्याच कादंबरीचं उदाहरण घेतो.

पहिली पायरी: एक ओळ. सगळ्यात वर गोष्ट एका वाक्यात लिहा. माझी अशी होती: "दुष्काळात बाग वाचवण्यासाठी बाप सगळं पणाला लावतो, आणि बाग नाही तर काय वाचलं हे मुलगी सुमन शोधते." हे वाक्य जमायला मला नऊ दिवस लागले. घाई करू नका.

दुसरी पायरी: चार-पाच मोठे भाग. माझे असे पडले:

– लावणी (२००२ ते २००७)
– बहार (२००८ ते २०११)
– ताण (२०१२)
– टँकर (फेब्रुवारी ते मे २०१३)
– मोकळं रान (जून २०१३ नंतर)

मोसंबीवाल्यांना "ताण" शब्द लगेच कळेल, बाकीच्यांसाठी सांगतो. बहार धरायचा तर झाडाचं पाणी काही आठवडे तोडतात. झाड पानं गाळतं, वाळल्यासारखं दिसतं. मग पाणी दिलं की फुलतं. पण ताण मापात हवा. कमी पडला तर फूल येत नाही, जास्त झाला तर झाडच जातं. गोष्टीचंही अगदी तसंच असतं. कोणत्या भागात वाचकाचं पाणी तोडलंय आणि कुठे दिलंय, हे पाच ओळी समोर असल्या की दिसतं.

तिसरी पायरी: प्रसंग आत सरकवा. प्रत्येक प्रसंगाला एकच ओळ, आणि तिच्या पोटात चार बारक्या नोंदी: कुठे-कधी घडतं, कुणाला काय हवंय, आडवं कोण येतं, आणि शेवटी काय बदललं. चौथी नोंद रिकामी राहिली तर समजा की तो प्रसंग नुसता देखावा आहे. माझा विहिरीवरच्या संध्याकाळचा सहा पानी प्रसंग असाच निघाला. सुंदर होता हो! पण त्यात काहीच बदलत नव्हतं.

चौथी पायरी: जोड तपासा. दोन ओळींच्या मध्ये "आणि मग" येतंय का? "पाऊस आला नाही. आणि मग बोअर घेतला. आणि मग काका आले." ही झाली हजेरी. आता "म्हणून" आणि "पण" लावून बघा: "पाऊस आला नाही म्हणून बोअर घेतला, पण तो कोरडा गेला, म्हणून बापाला ज्याचं तोंड बघायचं नव्हतं त्याच भावाच्या दारात जावं लागलं." माणसं तीच, दुष्काळ तोच, पण आता गोष्ट चालायला लागली.

पाचवी पायरी: खुणा. ओळीच्या शेवटी हॅशटॅग टाका. #सुमन, #काका, #२०१२, #कर्ज. मग नुसतं #सुमन शोधलं की फक्त तिचे प्रसंग एकाखाली एक येतात. माझी चोरी इथेच पकडली गेली. २००२ ला बाग लावताना सुमन सहा वर्षांची, आणि मार्च २०१३ ला मी तिला दहावीच्या परीक्षेला बसवलं होतं. हिशेब करा, सतरा वर्षांची झाली की ती! एक वर्ष कुठेतरी जास्त. आणि #काका शोधलं तर आणखी मोठा घोळ. दुसऱ्या भागात वाटणीवरून भांडून गेलेले काका, जालन्याच्या एमआयडीसीत स्टीलच्या कारखान्यात कामाला लागलेले, चौथ्या भागात एकदम टँकरला पैसे घेऊन उभे! का? मधली ओळच नव्हती. शंभर नोट्समध्ये हे चार वर्षं दिसलं नाही, आउटलायनरमध्ये एका दुपारी दिसलं.

सहावी पायरी: घडी घाला आणि मोठ्यानं वाचा. फक्त वरच्या ओळी. मोबाईलला वाचायला लावलं तरी चालेल. जिथे तुम्हालाच कंटाळा येतो, तिथे वाचक आधीच उठून गेलेला असतो.

आणि खाली एक "अडगळ" नावाची ओळ ठेवा. काढलेले प्रसंग तिथे टाका. फेकले नाहीत म्हटल्यावर हात थरथरत नाही. माझी विहिरीवरची संध्याकाळ अजून तिथेच आहे.

रिकामी ओळ

आता खरी गोष्ट सांगतो, हा भाग मी जिच्यासाठी केला.

सगळं बसवून झालं. चौथा भाग उघडला. टँकरचे प्रसंग ओळीनं लागलेले: पहिला टँकर, उधारीचा टँकर, न आलेला टँकर. मग पाचवा भाग, मोकळं रान. मध्ये? मध्ये एक बुलेट होता, त्यापुढे मीच कधीतरी दोन शब्द टाकलेले: "बाग तोडली". पोटात काही नाही. चार नोंदी रिकाम्या.

ज्या दिवसासाठी कादंबरी लिहायला घेतली, तो दिवसच कादंबरीत नव्हता. आणि मला वाटत होतं मी भाषेमुळे अडलोय, सुरुवातीमुळे अडलोय.

कारण साधं होतं. मी तेव्हा शिकायला बाहेर होतो. सुट्टीत घरी आलो तेव्हा रान मोकळं होतं. त्या वर्षी आपल्या जिल्ह्यात कितीतरी बागा अशा गेल्या. लोकांनी टँकरनं पाणी घालून जगवल्या, आणि नाही जमलं तेव्हा तोडल्या. मोसंबी लावल्यापासून फळावर यायला पाच-सहा वर्षं लागतात. बाग जाते तेव्हा एक हंगाम जात नाही, एका माणसाची पंधरा वर्षं जातात. घरी त्यावर कधी कुणी बोललं नाही, आणि मी विचारलं नाही.

ती रिकामी ओळ बघून अण्णांना, म्हणजे वडिलांना, फोन लावला.

"अण्णा, बाग तोडली त्या दिवशी काय झालं होतं?"

"तुला काय करायचंय आता ते?"

"लिहायचंय."

बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "पहिलं झाड मीच तोडलं. बाकीची गड्यांनी. पहिलं दुसऱ्याच्या हातानं कसं तोडू देऊ?"

एवढंच बोलले, आणि आईला फोन दिला. मी ती ओळ उघडली. कुठे-कधी, कुणाला काय हवंय, आडवं कोण, काय बदललं. चारही नोंदी दहा मिनिटांत भरल्या. प्रकरण लिहायला मात्र दोन महिने लागले.

सॉफ्टवेअरनं काही लिहून दिलं नाही. त्यानं फक्त भोक कुठे आहे ते दाखवलं. फोन मलाच करावा लागला.

कोणतं ॲप घेऊ?

हा प्रश्न येणारच. फोनवर लिहिणाऱ्यांसाठी वर्कफ्लोई आणि डायनालिस्ट ही निव्वळ आउटलायनर ॲप्स आहेत. फाइल स्वतःच्या फोनमध्येच ठेवायची असेल तर ऑब्सिडियन. काहीच नवं नको असेल तर गूगल डॉक्स: भागांच्या नावांना "हेडिंग" लावा, मेनूतून आउटलाइन उघडा, नावांची यादी मिळते. स्क्रिव्हनर खास लेखकांसाठी बनवलेलं आहे, पण ते संगणकावर आणि आयफोन-आयपॅडवर चालतं, अँड्रॉइडवर नाही. मराठी या सगळ्यांत टाइप होतं, बोलूनही टाकता येतं. फक्त जुन्या डीटीपी फॉन्टमधला मजकूर थेट चिकटवू नका, त्याची अक्षरं फुटतात. आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या. आणि आठवड्यातून एकदा सगळं साध्या टेक्स्ट फाइलमध्ये काढून स्वतःला मेल करा. फोन हरवतो, पडतो, विहिरीतही जातो.

दोन सावधगिऱ्या. पहिली: महिनाभर ॲपच बदलत बसलात, बुलेटला रंग देत बसलात, तर दासबोधातला पढतमूर्ख आठवा. दुसरी: आराखडा म्हणजे सातबारा नाही, तो बदलतो. लिहिताना पात्रानं वेगळी वाट धरली तर जाऊ द्या, आणि रात्री येऊन ओळ दुरुस्त करा. काही जणांना आराखडा आधी नकोच असतो, त्यांनी आधी लिहावं आणि मग लिहिलेल्याचा आराखडा काढावा. मी तेच केलं.

आजचा गृहपाठ: अडलेली कादंबरी घ्या, जास्तीत जास्त तीस ओळींत उतरवा, घडी घाला, आणि कोणत्या ओळीच्या पोटात काहीच नाही ते शोधा. सापडली की लगेच लिहायला बसू नका. त्या ओळीबद्दल कुणाला विचारायचं राहिलंय, ते आधी आठवा.

भेटू पुढच्या भागात. तोवर लिहीत राहा.