आधी वाचन, मग बोलणं

मूल आधी बोलायला शिकतं आणि मग वाचायला, असं आपण धरूनच चालतो. डाऊन सिंड्रोम असलेली कितीतरी मुलं हा क्रम उलटा फिरवतात. जेमतेम चार शब्द बोलणारं तीन-चार वर्षांचं मूल छापील शब्द ओळखू लागतं आणि वाचता वाचता बोलायला लागतं!

हे जगाच्या ध्यानात आलं ते एका बापामुळे. 1980 च्या सुमारास इंग्लंडमधल्या एका वडिलांनी पोर्ट्समथच्या मानसशास्त्रज्ञ सू बकली यांच्यापर्यंत आपल्या मुलीची हकीकत पोचवली. तिला डाऊन सिंड्रोम होता, ती तिसऱ्या वर्षापासून वाचायला शिकली आणि त्यातून तिची भाषा फुलली. बकलींनी ते मनावर घेतलं आणि पुढे आयुष्यभर याच विषयावर काम केलं.

असं का होतं? या मुलांच्या पेशींत 21 व्या क्रमांकाच्या गुणसूत्राच्या दोनऐवजी तीन प्रती असतात. 1959 साली पॅरिसमध्ये हे सिद्ध झालं. यात आईचं काही चुकलेलं नसतं, ग्रहणाचाही संबंध नसतो. हे घरोघरी ठणकावून सांगायला हवं. त्या जादा प्रतीमुळे स्नायू सैल राहतात, कानाच्या पडद्यामागे वरचेवर पाणी साचतं आणि ऐकलेलं क्षणभर धरून ठेवणारी स्मृती तोकडी पडते. पाहिलेलं मात्र चांगलं लक्षात राहतं. बोललेला शब्द हवेत विरतो, कागदावरचा मूल बघेल तितका वेळ समोर थांबतो.

खाडीपूल ओलांडून ठाण्याहून भिवंडीकडे निघालं की लागणाऱ्या कशेळीतल्या एखाद्या घरात हे कसं जमेल? पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर ठळक अक्षरांत ‘आई’, ‘पाणी’, ‘बाबा’ लिहावं. आधी सारख्या शब्दांच्या जोड्या लावायच्या, मग ‘पाणी कुठंय?’ म्हटल्यावर नेमकं कार्ड उचलायचं, शेवटी नाव घ्यायचं. मूल अडखळलं तर परीक्षा घेत बसू नये, उत्तर आपणच सांगून टाकावं. एरवी ‘पा’ म्हणून थांबणाऱ्या मुलाला कार्डावर ‘णी’ही दिसतो. कानातून निसटणारे ‘आईला’तला ‘ला’, ‘घरात’मधला ‘त’ कागदावर सुटत नाहीत. ही मला साऱ्या प्रकरणातली सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते. घरातले शब्द झाले की गोदामांच्या आणि टेम्पोंच्या पाट्या आहेतच.

मात्र त्याआधी कान तपासून घ्यायला हवेत. थायरॉइडही, आणि हृदय तर जन्मल्याबरोबर, कारण जवळपास निम्म्या बाळांच्या हृदयात दोष असतो. यासाठीचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 6 फेब्रुवारी 2013 रोजी पालघरला, म्हणजे तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातच सुरू झाला. त्याची पथकं अंगणवाडीतल्या मुलांना वर्षातून दोनदा तपासतात आणि त्यांच्या यादीत डाऊन सिंड्रोम आहे. अंगणवाडीताईंना तारीख विचारून ठेवावी.

मुंबईत 1944 साली जय आणि होरमसजी वकील यांनी डाऊन सिंड्रोम असलेल्या आपल्या मुलीसाठी शाळा काढली. शिवडीची जय वकील शाळा ती हीच. तेव्हा ना गुणसूत्रांचा हिशोब लागला होता, ना वाचनाची ही वाट कुणाला सापडली होती. तरी ही मुलं शिकतील, याची त्यांना खात्री होती.