उमेदवाराची ‘क्षमता’ मोजायची कोणी?

उमेदवारीच्या याद्या तयार होऊ लागल्या की ‘निवडून येण्याची क्षमता’ हा शब्दप्रयोग सर्वच पक्षांचे नेते मोठ्या गांभीर्याने उच्चारतात. ही क्षमता कोणत्या मापाने मोजली, हे मात्र कोणी सांगत नाही. कोल्हापूरकरांनी या मापाची परीक्षा २००९ साली घेतलेली आहे.

त्या वर्षी लोकसभेसाठी राष्ट्रवादी काँग्रेसने विद्यमान खासदार सदाशिवराव मंडलिक यांना डावलून संभाजीराजे छत्रपती यांना उमेदवारी दिली. वरवर पाहता हिशेब चुकीचा नव्हता. मंडलिक पंचाहत्तरीला टेकलेले आणि पक्षनेतृत्वाशी बिनसलेले. उलट नवा उमेदवार तरुण, शिवाय शाहू महाराजांच्या घराण्याचा. प्रत्यक्षात अपक्ष मंडलिक सुमारे ४५ हजार मतांनी विजयी झाले! सहानुभूती होतीच, पण कागलपासून गावोगावी जमवलेली त्यांची माणसे पक्षाच्या चिन्हाबरोबर परत गेली नाहीत, हे अधिक महत्त्वाचे.

शेजारच्या हातकणंगल्यात त्याच पक्षाने नेमका उलटा नियम लावला. तेथे विद्यमान खासदार निवेदिता माने यांनाच पुन्हा उभे केले, आणि ऊस उत्पादकांच्या आंदोलनातून आलेल्या राजू शेट्टी यांनी त्यांचा पराभव केला. म्हणजे बदलूनही हार, न बदलूनही हार. कोल्हापूरच्या जनतेने २००९ मध्ये राजघराणे नाकारले, असा निष्कर्षही टिकत नाही. २०२४ साली काँग्रेसचे शाहू छत्रपती याच मतदारसंघातून दीड लाखांहून अधिक मतांनी निवडून आले.

अमेरिकेत पक्षाचा उमेदवार प्राथमिक निवडणुकीत सामान्य मतदार ठरवतात. आपल्याकडे काँग्रेसने २०१४ साली मोजक्या मतदारसंघांत कार्यकर्त्यांच्या मतदानाने उमेदवार निवडून पाहिले. महाराष्ट्रातील लातूर व वर्धा त्यांत होते. दोन्ही ठिकाणी पक्ष हरला. एवढ्यावरून प्रयोग फसला म्हणणे अन्यायाचे होईल, कारण त्या वर्षी राज्यातील ४८ जागांपैकी नांदेड आणि हिंगोली या दोनच जागा काँग्रेसला जिंकता आल्या. अशा मतदानात बोगस सभासदनोंदणीचा धोका आहे, हे प्रस्तुत लेखकास मान्य आहे. पण बंद खोलीतील बैठकीत तरी पैसा, जात आणि नातेगोते यांखेरीज दुसरे काय तोलले जाते?

कोणत्या उंबऱ्यावर कोणाचे नाव काढताच लोकांचे चेहरे बदलतात, हे वॉर्डातल्या कार्यकर्त्याला ठाऊक असते. यादी ठरेपर्यंत त्याला कोणी विचारत नाही. यादी लागल्यावर मतदारांच्या चिठ्ठ्या वाटायला मात्र बोलावणे येते.