पैसा आहे, पण खर्च करायचा नाही

इलियट अँडरसन हा इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या व्हिटली बे गावचा मुलगा. न्यूकॅसल शहर तिथून हाकेच्या अंतरावर. वयाच्या आठव्या वर्षी तो न्यूकॅसल युनायटेड क्लबच्या अकादमीत दाखल झाला आणि तिथंच वाढत वाढत पहिल्या संघापर्यंत पोचला. २०२४ च्या जून महिन्याच्या अगदी अखेरीस क्लबनं त्याला नॉटिंगहॅम फॉरेस्टला विकून टाकलं. किंमत सुमारे साडेतीन कोटी पौंड. पुढच्याच वर्षी, २०२५ च्या सप्टेंबरात, हा मुलगा इंग्लंडच्या राष्ट्रीय संघातून खेळला.

आता कोणी म्हणेल, क्लब अडचणीत असेल, पैशांची चणचण असेल. तसं काहीही नव्हतं. २०२१ च्या ऑक्टोबरात सौदी अरेबियाच्या सरकारी गुंतवणूक निधीनं या क्लबचा ८० टक्के हिस्सा विकत घेतला होता. जगातल्या मोठ्यात मोठ्या निधींपैकी हा एक. मग अशा धनाढ्य घरानं आपलाच पोर का विकला? मालकाकडे पैसा होता, पण तो खर्च करण्याची परवानगी नव्हती. हे प्रकरण काय आहे, ते आज जरा समजून घेऊ.

फुटबॉलमधले श्रीमंत मालक ही काही कालची गोष्ट नाही. ब्लॅकबर्न हे लँकेशायरमधलं कापड गिरण्यांचं जुनं गाव. तिथला जॅक वॉकर पोलादाच्या धंद्यात श्रीमंत झाला आणि त्यानं गावच्या क्लबमध्ये पैसा ओतला. १९९२ मध्ये ॲलन शिअररसाठी त्या वेळची विक्रमी किंमत मोजली, आणि १९९५ मध्ये ब्लॅकबर्ननं ८१ वर्षांनंतर विजेतेपद मिळवलं. तेव्हाही लोक कुरकुरले, पण वॉकर हा गावचाच माणूस, त्यामुळे बोलणाऱ्यांचा आवाज फार चढला नाही.

खरा फरक पडला २००३ मध्ये. रोमान अब्रामोविच या रशियन तेलसम्राटानं लंडनचा चेल्सी क्लब घेतला. हाच क्लब १९८२ मध्ये अवघ्या एका पौंडाला विकला गेला होता! दोन वर्षांत चेल्सी अजिंक्य झाला, आणि तोही पन्नास वर्षांनी. २००८ मध्ये अबुधाबीच्या शेख मन्सूर यांनी मँचेस्टर सिटी घेतला आणि व्यवहार जाहीर झाला त्याच दिवशी ब्राझीलचा रॉबिन्हो सव्वातीन कोटी पौंडांना आणला. पुढे काय झालं ते फुटबॉल पाहणाऱ्या कोणालाही सांगायला नको. (याच घराण्याच्या समूहानं २०१९ मध्ये आपल्या मुंबई सिटी क्लबचा ६५ टक्के हिस्सा घेतला होता, तेव्हा हा विषय आपल्या दाराशीही येऊन गेला आहे.)

मात्र प्रत्येक मालक असा खोल खिशाचा नसतो. पोर्ट्समथनं २००८ मध्ये एफए चषक जिंकला. दोन वर्षांत मालकांवर मालक बदलले, आणि २०१० च्या फेब्रुवारीत क्लब दिवाळखोरीच्या प्रशासकाच्या हाती गेला. नियमाप्रमाणे नऊ गुण कापले गेले. त्या लीगचा आणखी एक नियम असा, की क्लब बुडाला तरी खेळाडूंचे पगार आणि दुसऱ्या क्लबांची देणी आधी पुरती फेडायची. बाकीच्यांनी उरलंसुरलं वाटून घ्यायचं. त्या बाकीच्यांमध्ये स्थानिक दुकानदार होते आणि सामन्याच्या वेळी प्रथमोपचाराची पेटी घेऊन उभे राहणारे सेंट जॉन अँब्युलन्सचे लोकही होते. लाखांनी पगार घेणारा खेळाडू सुरक्षित, आणि बँडेज बांधणारा रांगेत शेवटी.

हे असं होऊ नये म्हणून युरोपीय फुटबॉलची संघटना, यूएफा, मिशेल प्लाटिनी अध्यक्ष असताना पुढे सरसावली आणि २०१०च्या सुमारास नियम आले. त्यांचं सार आपल्या एका म्हणीत बसतं: अंथरूण पाहून पाय पसरावे. क्लबनं तिकिटं, दूरचित्रवाणीचे हक्क, जाहिराती यांतून जेवढं कमवायचं, साधारण तेवढंच खेळाडूंवर खर्चायचं. इंग्लंडच्या प्रीमियर लीगनं २०१३ पासून आपला वेगळा नियम केला. तीन वर्षांत मिळून जास्तीत जास्त साडेदहा कोटी पौंडांचा तोटा चालेल, म्हणजे आपल्या हिशेबात हजार कोटी रुपयांहून जास्त. स्टेडियम, अकादमी, महिलांचा संघ यांवरचा खर्च यातून वगळलेला.

हे नियम कागदावरच राहिले, असं कोणी म्हणू नये. २०२३ च्या नोव्हेंबरात एव्हर्टनचे दहा गुण कापले गेले. अपिलात त्यांचे सहा झाले, आणि पुढे दुसऱ्या प्रकरणात आणखी दोन गेले. २०२४ च्या मार्चमध्ये नॉटिंगहॅम फॉरेस्टचे चार गेले. फॉरेस्टची गंमत तर ऐकण्यासारखी आहे. ब्रेनन जॉन्सन हा त्यांचा अकादमीत वाढलेला खेळाडू त्यांनी पावणेपाच कोटी पौंडांना विकला, पण हिशेबाचं वर्ष संपल्यानंतर दोन महिन्यांनी. त्यांचं म्हणणं असं की, घाई केली असती तर कमी किंमत आली असती. धंद्याच्या दृष्टीनं ते बरोबरच होतं. पण आयोगानं ऐकलं नाही. तारीख ती तारीख.

आता अँडरसनकडे येऊ, कारण खरी मेख इथं आहे. समजा, क्लबनं एक खेळाडू पाच कोटी पौंडांना पाच वर्षांच्या करारावर घेतला. वहीत हा खर्च एकदम पडत नाही, दरवर्षी एक कोटी असा पडतो. पण खेळाडू विकला, तर येणारी किंमत मात्र त्याच वर्षी जमा होते. त्यातून वजा होते ती फक्त वहीत शिल्लक राहिलेली रक्कम. आणि अकादमीत वाढलेल्या मुलाची वहीतली रक्कम असते शून्य. त्याला कोणाकडून विकत घेतलेलाच नाही! म्हणजे त्याची पूर्ण किंमत म्हणजे निव्वळ नफा. ३० जूनला वर्षाचा हिशेब मिटवायचा, तोटा हद्दीबाहेर चाललेला, अशा वेळी सगळ्यात सोयीचा माल कोणता? घरात वाढलेला पोरगा. न्यूकॅसलनं तेच केलं, आणि तसं करणारा तो एकटाच क्लब नव्हे. गावातली मुलं घडवा, असं सांगणाऱ्या खेळात गावचाच मुलगा विकणं सर्वात फायद्याचं ठरावं, हे नियम करणाऱ्यांच्या मनात नक्कीच नसणार. पण झालं तसं खरं.

जिथं हिशेब तिथं हिशेबनीसही आलेच. चेल्सीच्या नव्या मालकांनी खेळाडूंना आठ-साडेआठ वर्षांचे करार द्यायला सुरुवात केली. कारण उघड आहे: पाचाऐवजी आठानं भागलं की वर्षाचा आकडा लहान दिसतो. यूएफानं आणि मग प्रीमियर लीगनं २०२३ मध्ये ही विभागणी पाच वर्षांपुरती मर्यादित केली. मग याच क्लबनं आपल्या मैदानालगतची दोन हॉटेलं आपल्याच सहकंपनीला साडेसात कोटी पौंडांहून जास्त किमतीला विकली. या खिशातून काढून त्या खिशात घालायचं, आणि मधल्या मध्ये नफा दाखवायचा. इंग्लंडच्या नियमात ते बसलं.

मँचेस्टर सिटीचं प्रकरण याहून गंभीर. मालकाचाच पैसा प्रायोजकांच्या नावानं उत्पन्न म्हणून दाखवला, असा यूएफाचा आरोप होता. २०२० च्या फेब्रुवारीत दोन वर्षांची बंदी आली. जुलैत क्रीडा लवादानं ती उठवली. काही आरोप सिद्ध झाले नाहीत आणि काहींची मुदत टळून गेली होती, असं लवादानं सांगितलं. तपासात सहकार्य न केल्याचा एक कोटी युरोंचा दंड तेवढा राहिला. २०२३ मध्ये प्रीमियर लीगनं शंभरहून अधिक आरोप ठेवले. क्लबनं ते सगळे नाकारले आहेत.

आता न्यायाचं पाहू. अंथरूण पाहून पाय पसरावे हे ठीक, पण ज्याचं अंथरूण मुळातच मोठं, त्याचं काय? मँचेस्टर युनायटेड, लिव्हरपूल, आर्सेनल यांची कमाई जुनी, चाहते जगभर. त्यांना नियम टोचतो तो कमी. खालून वर येऊ पाहणाऱ्याला मात्र मालकाच्या खिशाशिवाय दुसरी शिडी नाही, आणि नियम नेमकी तीच काढून घेतो. हे नियम क्लबला बुडण्यापासून वाचवतात हे मला मान्य आहे. पण ते स्पर्धेत समानता आणतात, असं जेव्हा सांगितलं जातं तेव्हा मला ते पटत नाही.

मग आयपीएलसारखं का करत नाहीत, असं तुम्ही विचाराल. तिथं प्रत्येक संघाला लिलावात सारखीच थैली. पण आयपीएलमधून कोणी खाली जात नाही आणि खेळाडूला त्या तोडीची दुसरी बाजारपेठही नाही. इंग्लंडनं उद्या पगारावर सरसकट झापड लावली, तर खेळाडू स्पेनला जाईल, नाहीतर सौदीला. जर्मनीनं निराळीच वाट धरली. तिथं क्लबच्या सभासदांकडे मतांचं बहुमत असावंच लागतं. लेव्हरकुसेन, वुल्फ्सबर्ग असे मोजके अपवाद सोडले तर बाहेरचा धनिक येऊन क्लबचा धनी होऊ शकत नाही. तिकिटं स्वस्त, मैदानं भरलेली. आणि २०१३ ते २०२३ सलग अकरा वर्षं विजेता एकच, बायर्न म्युनिक!

मला स्वतःला या सगळ्यात सर्वात जास्त चटका लावून जातं ते बरी. मँचेस्टरच्या उत्तरेला, ट्रामनं जाता येतं असं गाव. १८८५ चा क्लब, १९०० आणि १९०३ चा एफए चषक विजेता. १९०३ च्या अंतिम सामन्यात त्यांनी सहा-शून्यनं विजय मिळवला होता. त्या फरकाची बरोबरी थेट २०१९ च्या मे महिन्यात झाली, आणि ती केली शेजारच्या मँचेस्टर सिटीनं. त्याच वर्षी २७ ऑगस्टला बरीला लीगमधून काढून टाकण्यात आलं. खालच्या त्या श्रेणींत नियम वेगळा होता: पगार उत्पन्नाच्या ठरावीक टक्क्यांत बसवायचे, पण मालकानं घातलेला पैसाही उत्पन्नच धरायचा. मालक पैसा घालतो तोवर सगळं छान, त्यानं हात आखडता घेतला की पगार तेवढेच आणि उत्पन्न गायब. २०१८ च्या डिसेंबरात क्लब एका पौंडाला दुसऱ्याच्या हाती गेला. खेळाडूंचे पगार थकले, तरी पोरांनी त्याच हंगामात वरच्या श्रेणीत बढती मिळवली. ती श्रेणी त्यांना खेळायलाच मिळाली नाही.

बरीसारखी प्रकरणं आणि २०२१ मध्ये बड्या क्लबांनी सुपर लीगचा केलेला फसलेला घाट, यांतून ब्रिटिश सरकार हललं. २०२५ च्या जुलैत कायदा झाला आणि फुटबॉलसाठी स्वतंत्र नियामक आला. मालकाची ऐपत आणि पैशाचा उगम तपासणं हे त्याचं काम. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात प्रीमियर लीगच्या क्लबांनी तोट्याचा जुना नियम बदलायचं ठरवलं. २०२६-२७ च्या हंगामापासून संघावरचा खर्च उत्पन्नाच्या ८५ टक्क्यांत बसवायचा. सर्वात श्रीमंत क्लबाच्या खर्चालाही एक छत घालावं, हा प्रस्ताव मात्र त्याच बैठकीत नामंजूर झाला.

बरीचं गिग लेन मैदान चाहत्यांनी पुढे परत मिळवलं. २०२३ पासून तिथं पुन्हा सामने सुरू झाले, इंग्लिश फुटबॉलच्या नवव्या पायरीवर. त्या पायरीवर इतर ठिकाणी शेकड्यांत प्रेक्षक असतात. गिग लेनवर हजारोंनी येऊ लागले.